जुन्या बुलेटचा ब्रेक पुन्हा पुन्हा ढिला पडतो? नट आवळण्याआधी हे तपासा

"भाऊ, ब्रेक लागूनच नाही राहिला." हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, "आत्ताच तर टाईट करून आणला होता." या दुसऱ्या वाक्यातच बहुतेक वेळा रोग सापडतो.

माझ्याकडे वडिलांची ८२ सालची बुलेट आहे. पुढे वायरचा ब्रेक, मागे रॉडचा, ब्रेकचा पाय डावा आणि गिअरचा उजवा. मी मेकॅनिक नाही. नोकरी वेगळी आहे, रविवारी हात काळे करतो, एवढंच. पण या गाडीचा ब्रेक इतक्यांदा सुधारलाय की आता ओळखीतल्या येझदी, राजदूत आणि चेतकही अंगणात येऊन उभ्या राहतात. खालचं सगळं बुलेट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. वायर किंवा रॉडने चालणाऱ्या कोणत्याही ड्रम ब्रेकला त्यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी लक्षण नीट ओळखा

"ब्रेक कमी लागतो" ही तक्रार झाली, लक्षण नाही. रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने जाऊन आधी फक्त पुढचा ब्रेक मारून पाहा, मग फक्त मागचा. नेमकं काय होतं ते लक्षात ठेवा:

– लिव्हर हँडलला टेकते, तरी गाडी पुढेच जाते.
– लिव्हर दगडासारखी कडक, सगळा जोर लावला तरी चाक ऐकत नाही.
– लिव्हर स्पंजासारखी दबत राहते, कुठे थांबली ते कळतच नाही.
– ब्रेक मारला की लिव्हर बोटांखाली धकधक करते.
– ब्रेक सोडला तरी चाक मोकळं होत नाही.
– घरून निघताना ठीक, पण आमच्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा उतार उतरून खाली येईपर्यंत अर्धा उरतो.
– पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला एकदम धरते, दोन-तीन वेळा मारला की सुधारते.

शेवटचं लक्षण असेल तर काही करू नका. ओल्या हवेत ड्रमला आतून गंजाची पातळ साय धरते, ती दोन ब्रेकमध्ये निघून जाते. दिवसभर तसंच होत राहिलं तरच पुढे वाचा.

स्पंजाबद्दल एक सांगून टाकतो. मागे एक पोरगा येझदी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, ब्रेकमधली हवा काढून द्या ना." या ब्रेकमध्ये तेल नाही, त्यामुळे हवाही नाही. तुमच्या बोटांचा जोर वायर ओढते, वायर ड्रमवरचा आर्म ओढते, आर्म आतला कॅम फिरवतो, कॅम दोन अर्धगोल शू फाकवतो आणि शूवर बसवलेले लायनर (घासून ब्रेक लावणारा थर) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात. बस. मधे जिथे जिथे काही वाकतं, ताणतं, अडकतं किंवा तिरकं ओढलं जातं, तिथे तुमचा जोर खर्च होतो. तो कुठे खर्च होतो हे शोधणं म्हणजे ब्रेक दुरुस्त करणं.

पैसे न लागणारी तपासणी: नट जास्त आवळलाय का?

गाडी मेन स्टँडवर घ्या. चाक हाताने फिरवा आणि कान द्या. अगदी हलकी सर्रसर्र चालते. चाक अर्ध्या फेरीत थांबत असेल तर ब्रेक कायमचा लागलेला आहे.

नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. ब्रेक कमी वाटला की वायरच्या किंवा रॉडच्या टोकाचा नट आवळला. लायनर ड्रमला टेकून सतत घासू लागला. घासून तापला. तापून त्याच्या पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी आली आणि पकड गेली. पकड गेली म्हणून नट आणखी आवळला. नट फक्त शू ड्रमच्या जवळ आणतो, पकड वाढवत नाही. लायनर झिजल्यामुळे लिव्हरचा प्रवास वाढला असेल तेवढ्यापुरताच तो उपाय आहे.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवरून आलेल्या गाडीचा ड्रम तापून फुगलेला असतो. शूपासून तो थोडा लांब जातो, लिव्हर खोल वाटते, आणि माणूस तिथेच झाडाखाली थांबून नट दोन वळसे आवळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम थंड होऊन आकसतो आणि ब्रेक चिकटलेला सापडतो. म्हणून ब्रेक नेहमी थंड गाडीवर, सकाळीच बसवायचा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत तर सात वाजायच्या आत.

लिव्हरच्या टोकाशी साधारण २० ते २५ मिलिमीटर मोकळा खेळ ठेवा, मागच्या पेडललाही जवळपास तेवढाच. मागचा ब्रेक बसवताना गाडीवर कोणाला तरी बसवा, कारण वजनाने मागचा भाग दबला की रॉडचा ताण बदलतो. आणि चेन ताणली की मागचा ब्रेक पुन्हा बसवायलाच हवा. चाक मागे सरकतं, रॉडची लांबी तेवढीच राहते, म्हणजे नटाला हात न लावताही ब्रेक आवळला जातो. चेन टाईट करून दिली पण ब्रेक पाहिला नाही, अशा किती गाड्या मी पाहिल्या!

घासतंय की नाही याची खात्री करायची असेल तर चार-पाच किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा आणि दोन्ही हबच्या जवळ हात नेऊन तुलना करा. एक स्पष्टपणे जास्त गरम असेल तर तो घासतोय. हेही सकाळीच करा. दुपारी उन्हात उभ्या गाडीचं सगळंच पोळतं.

वायर

लिव्हर कडक असेल किंवा सोडल्यावर सावकाश परतत असेल तर खालच्या टोकाची वायर आर्ममधून सोडवा आणि नुसती लिव्हर दाबून पाहा. तरीही जड लागली तर दोष वायरचा. आर्म हाताने फिरवून पाहिला आणि तोच जड निघाला तर दोष ड्रमच्या आत. पाच मिनिटांच्या या तपासणीने अर्धा दिवस वाचतो.

वायरच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा नरसाळा बांधा, त्यात पातळ तेल ओता आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालून काळं पाणी टपकलेलं दिसतं. ग्रीस भरू नका. आपल्या रस्त्यांवरची बारीक धूळ ग्रीसमध्ये कालवली की वायरला आतून कानस लागते. एक जरी तार तुटलेली दिसली तर तेलपाणी करत बसू नका, वायर बदला. वरच्या घुंडीजवळ पाहा, तिथेच आधी तुटते.

आता स्पंज. एकाला लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही वायरचं बाहेरचं कव्हर पाहत राहा. कव्हर सापासारखं हलत असेल, कुठे आकसत असेल, टोकाची टोपी तिरकी बसली असेल, तर तुमचा जोर कव्हर दाबण्यात चाललाय. स्वस्त वायरींमध्ये आतला गुंडाळा पातळ असतो, म्हणून नवी वायर टाकूनही ब्रेक मऊच राहतो. ही एक गोष्ट मी पैसे वाचवायच्या यादीतून केव्हाच काढून टाकली आहे. वायर हँडलच्या वळणाबरोबर ताणली जात नाही ना, तेही हँडल दोन्ही टोकांना फिरवून पाहा.

आर्मचा कोन

इथे जरा थांबतो, कारण एवढा फुकटचा ब्रेक दुसरीकडे कुठे मिळत नाही.

दाराची कडी बिजागरीजवळ का लावत नाहीत? जोर कुठे आणि कोणत्या कोनात लावला यावर सगळं असतं. ब्रेक पूर्ण लागलेला असताना वायर किंवा रॉड आणि आर्म यांच्यात काटकोन असायला हवा, किंवा काटकोनाच्या किंचित अलीकडे. तेव्हा ओढलेला सगळा जोर कॅम फिरवायला जातो. लायनर झिजत जातो, नट आवळत जातो, तसा आर्म काटकोन ओलांडून पुढे जातो. मग वायर आर्मला फिरवण्याऐवजी त्याच्या लांबीच्या दिशेने ओढायला लागते. लिव्हर घट्ट लागते, पण चाकाला काही मिळत नाही. "दाबायला कडक पण गाडी थांबत नाही" या तक्रारीमागे चकाकलेल्या लायनरखालोखाल हेच कारण मला सापडतं. जुन्या यांत्रिक ब्रेकच्या मोटारींनाही हेच गणित लागू. फोर्डने अमेरिकेत १९३८ पर्यंत आपल्या मोटारींना रॉडचे किंवा वायरचे यांत्रिक ब्रेकच दिले होते, आणि तिथेही चारही चाकांचे कोन जुळले तरच गाडी सरळ थांबते.

कॅमच्या टोकाला खाचा असतील तर आर्म काढून एक खाच मागे बसवता येतो. टोक चौकोनी असेल तर तो मार्ग बंद. पण खाच मागे घेण्याआधी लायनर पाहा. लायनर संपल्यामुळे आर्म पुढे गेला असेल आणि तुम्ही खाच मागे घेऊन नट पुन्हा आवळत राहिलात, तर आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो. तो आडवा होऊन अडकला तर ब्रेक लागलेलाच राहतो, चाक जाम. चालत्या गाडीत हे होणं म्हणजे काय, ते सांगायला नको. नटाचे आटे संपत आलेत, म्हणजे आत लायनर संपलाय. हा नियम मी कधी मोडत नाही.

पॅनल प्लेट मध्यावर आणणे

पॅनल प्लेट म्हणजे शू आणि कॅम जिच्यावर बसतात ती ड्रमच्या झाकणासारखी प्लेट. ब्रेक मऊ लागतो, शू एकाच बाजूने झिजलेत, अशा वेळी हे करून पाहा. अ‍ॅक्सलचा नट ढिला करा, चाक जोरात फिरवा, ब्रेक करकचून मारा आणि लिव्हर दोरीने हँडलला बांधून ठेवा. आता ब्रेक लागलेलाच असताना नट आवळा. शू आपोआप ड्रमच्या मध्यावर बसतात आणि दोन्हींचा स्पर्श सारखा होतो.

हे करताना, किंवा कधीही पुढचं चाक काढून बसवताना, पॅनल प्लेटची खाच फोर्कवरच्या तिच्या अडकणीत बसली आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. हाताने चाचपून समाधान मानू नका. ती सुटलेली असेल तर पहिल्याच ब्रेकला सगळी प्लेट चाकाबरोबर फिरते, वायर गुंडाळली जाते आणि चाक आवळतं. मागच्या प्लेटचा टॉर्क आर्म (प्लेटला फिरू न देणारा दांडा) आणि त्याचे नटही तसेच पाहा.

ड्रम उघडल्यावर

इथून पुढे वेळ लागतो, म्हणून रविवार मोकळा ठेवा.

आतली काळी भुकटी फुंकू नका आणि हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

लायनर चकाकत असेल तर खरखरीत पॉलिश पेपरने, ओला करून, चकाकी जाईपर्यंत घासा. ड्रमलाही आतून आडव्या हाताने पेपर मारा. शूच्या पुढच्या कडेला थोडा उतार द्या, म्हणजे ब्रेक झटका देत धरत नाही आणि किंचाळत नाही. लायनर दोन मिलिमीटरच्या आत आला असेल, किंवा रिव्हेटचं डोकं वर यायला लागलं असेल, तर घासणं व्यर्थ आहे.

तेल किंवा ग्रीस लागलेला लायनर मात्र गेला. पेट्रोलने धुवून, स्टोव्हवर भाजून तो वाचवायचा प्रयत्न मीही तरुणपणी केलाय. वरून कोरडा दिसतो, दोनदा तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. आणि तेल आलं कुठून ते न शोधता नवे शू टाकले तर महिन्याभरात पुन्हा तेच. बुलेटच्या पुढच्या चाकात बेअरिंगमध्ये ठासून भरलेलं ग्रीस उन्हाळ्यात वितळून येतं. मागे चेनचे दाते ड्रमवरच असतात, त्यामुळे चेनवर ओतलेलं जळकं ऑइल उडून आत शिरतं. चेतकचा मागचा ड्रम तर थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. तिथलं ऑइल सील गेलं की गिअर ऑइल सरळ ब्रेकमध्ये. सील शंभरदा स्वस्त.

लायनरचा किती भाग ड्रमला खरोखर लागतो ते पाहायला ड्रमला आतून खडू फासा, चाक बसवा, ब्रेक हलका मारून फिरवा आणि पुन्हा उघडा. नव्या शूवर बहुधा मधेच किंवा टोकांनाच खडू लागलेला दिसतो. लिव्हर स्पंजासारखी असण्याचं हे दुसरं मोठं कारण, कारण शू आधी वाकतो आणि मग टेकतो. थोडाफार फरक हाताने घासून जातो, निम्म्यापेक्षा जास्त कोरा असेल तर ते लेथचं काम.

दोन शूंपैकी एक जास्त झिजलेला असेल तर घाबरू नका. एका कॅमच्या ब्रेकमध्ये एका शूला ड्रमचं फिरणंच आत ओढून घेतं, दाराखाली पाचर जशी स्वतःच रुतत जाते तसं. तो जास्त काम करतो, म्हणून जास्त झिजतो. ज्या बुलेटच्या पुढच्या ब्रेकला दोन कॅम आहेत तिथे दोन्ही शू असे रुततात. पण दोन कॅम जोडणारी बाहेरची छोटी पट्टी जुळलेली नसेल तर एकच शू काम करतो आणि दुसरा नुसता प्रवासी. पट्टी सोडवा, दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील इतकी तिची लांबी करा, मगच पुन्हा आवळा. असा ब्रेक गाडी उतारावर मागे घसरताना कमी धरतो. रामटेकच्या गडाच्या चढावर थांबलात आणि गाडी मागे सरकली, तर तो बिघाड नव्हे, त्याची जातच तशी आहे.

कॅम बाहेर काढून त्याच्या दांड्यावर उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लावा. दांडा बुशात डगडग हलत असेल तर बुश बदला. स्प्रिंग सैल झाल्या असतील तर जोडीनेच बदला, त्या महाग नाहीत.

नवे शू घेताना दुकानदार "लाईफ जास्त आहे, कडक मटेरियल" म्हणून पुढे करतो ते मी घेत नाही. कडक लायनर टिकतो खरा, पण आपल्या हलक्या ड्रमवर तो चावत नाही. मऊ घ्या, लवकर झिजतील, झिजू द्या.

इथे थांबा, लेथवाल्याकडे किंवा जाणत्या मेकॅनिककडे जा

लिव्हर धकधक करते म्हणजे ड्रम गोल राहिलेला नाही. घरी त्यावर इलाज नाही. पुढचं चाक टर्निंगला, म्हणजे लेथवर ड्रम आतून गोल करून घ्यायला देताना तारांसकट द्या. हिंगणा रोडकडच्या एका लेथवर मी एकदा नुसता हब दिला होता. काम सुरेख झालं, पण तारा भरून ताणल्यावर हब पुन्हा किंचित ओढला गेला आणि धकधक होती तशीच. टर्निंग कमीत कमी करायचं. ड्रम मोठा झाला की मूळ गोलाईचे शू त्यात पुरे टेकत नाहीत. मग जाड लायनर लावून तेही त्या मापाला टर्न करावे लागतात, आणि ते माप ज्याला कळतं त्यालाच द्या.

ड्रमला भेग, हबला भेग, रॉडचे किंवा अ‍ॅक्सलचे आटे गेलेले, वाकलेला टॉर्क आर्म, कॅम जाम होऊन ब्रेक न सुटणं, यातलं एकही दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत टाकून न्या. वेल्डिंग करून ड्रम वापरायचा सल्ला कोणी दिला तर त्याचे आभार मानून निघा. आणि वरचं सगळं करूनही ब्रेक दुसऱ्यांदा त्याच लक्षणाने परत आला, तर तिसऱ्यांदा स्वतः उघडू नका. आपल्या नजरेतून काहीतरी सुटतंय, दुसऱ्याचे डोळे लागतात.

नव्या शूनंतर

पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ब्रेक अर्धाच लागणार, हे गृहीत धरा. पहाटे आउटर रिंग रोडला जाऊन चाळीसच्या वेगावरून मध्यम ब्रेक मारा, पूर्ण न थांबता वेग कमी करा, मग मिनिटभर हवा लागू द्या, पुन्हा मारा. सुरुवातीलाच करकचून मारले तर नवा लायनर चकाकतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. गर्दीत सीताबर्डीला जायचं असेल तर त्या दिवसांत दुसरी गाडी न्या.

या शंभर किलोमीटरनंतर एकदा, थंड गाडीवर, नट बसवा. किती आटे बाहेर दिसतात ते मोजून वहीत लिहा. माझ्या बुलेटच्या मागच्या रॉडवर नवे शू टाकल्यावर अकरा दिसत होते. आज चौदा आहेत.